सोळा ओळींत आनंदीबाई

एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: डॉ. आनंदीबाई जोशींवर सोळा ओळींची कविता लिहायची आहे. सातवीची मुलं ती पाठ म्हणणार आणि नंतर ती शाळेच्या भिंतीवर लागणार. पहिलं कडवं लिहून झालं, पण त्यात जीव येत नाही. चुकतंय कुठे? आणि हीच रीत वापरून वडिलांच्या पंचाहत्तरीला त्यांच्यावर काही लिहिता येईल का? त्यांनी पाठवलेलं कडवं असं आहे:

कल्याण नगरीत जन्मली थोर आनंदी
जिद्दीने तिने मोडली रूढींची बंदी
परदेशी शिकून झाली डॉक्टर पहिली
तिची कीर्ती जगी अजरामर राहिली

ताई, कडवं चार-पाच वेळा मोठ्याने वाचलं. तुमचा आनंदीबाईंवरचा जीव त्यात दिसतो, आणि तो असल्याशिवाय असल्या कामाला हात घालूच नये. तरी कडवं निर्जीव वाटतं हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. गेली तीसेक वर्षं मी मानपत्रं, गौरवकविता, श्रद्धांजलीच्या ओळी लिहितो आहे, लोकांनी लिहिलेल्या दुरुस्त करून देतो आहे. इतक्या वर्षांत एक परीक्षा मला कधी दगा देत नाही. कवितेतलं नाव काढा आणि त्या जागी दुसऱ्या कुणाचं तरी नाव घाला. कविता तशीच उभी राहिली, तर ती त्या माणसाची नव्हती.

तुमच्या कडव्यात रखमाबाईंना बसवून बघा. रखमाबाई राऊत १८६४ साली मुंबईत जन्मल्या, म्हणजे आनंदीबाईंपेक्षा काही महिन्यांनीच मोठ्या. बालपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला त्यांनी नकार दिला. खटला चालला, आणि मार्च १८८७ मध्ये कोर्टाने नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा असं सांगितलं, तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे लंडनला वैद्यक शिकून १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि सुरतेत अनेक वर्षं त्यांनी बायकांवर उपचार केले. रूढीची बंदी त्यांनीही मोडली, परदेशी त्याही शिकल्या, कीर्ती त्यांचीही राहिली. तुमच्या कडव्यातले ‘कल्याण’ आणि ‘पहिली’ हे दोन शब्द सोडले, तर बाकी सगळं रखमाबाईंना जसंच्या तसं लागू पडतं. दोघींची आयुष्यं मात्र किती वेगळी. एक खूप जगली, खूप वर्षं काम केलं. दुसरीला पदवी मिळाली आणि रोगी तपासायला दिवसच उरले नाहीत. हा फरक ज्या कवितेत दिसत नाही, ती कविता अजून सुरू झालेली नाही.

‘पहिली’ या शब्दाबद्दलही सांगून टाकतो. मुलं पाठ करणार आहेत, म्हणजे ते सत्य म्हणून त्यांच्या डोक्यात बसणार. आनंदीबाईंना फिलाडेल्फियात पदवी मिळाली ती ११ मार्च १८८६ रोजी. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुलींनीही वैद्यकाचं शिक्षण पुरं केलं. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक, हे आनंदीबाईंबद्दल निर्धास्त म्हणता येतं. एकट्या ‘पहिली’ला मात्र तळटीप लागते आणि कवितेला तळटीप देता येत नाही. तो शब्द गाळा. तिचं मोठेपण त्यावर अवलंबून नाही.

आता रीत. लिहायला बसण्याआधी मी एका कागदावर उभी रेघ ओढून दोन रकाने करतो. डावीकडे घडलेलं सगळं. उजवीकडे त्यातलं जे डोळ्यांना दिसेल, हातात धरता येईल, तेवढंच. आनंदीबाईंचा डावा रकाना असा भरतो. ३१ मार्च १८६५, कल्याण. माहेरचं नाव यमुना. नऊ वर्षांची असताना गोपाळराव जोशींशी लग्न, ते टपाल खात्यात. सासरी नाव आनंदी. चौदा वर्षांची असताना मुलगा झाला, दहा दिवस जगला, वैद्यकीय मदत मिळाली नाही. १८८० मध्ये गोपाळरावांनी अमेरिकेतल्या मिशनरी गृहस्थांना लिहिलेलं पत्र तिथल्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी ते दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचलं आणि पत्रव्यवहार सुरू झाला. १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या, म्हणजे कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरच्या, कॉलेजात त्यांनी आपण का जातो आहोत ते भरसभेत सांगितलं. त्याच वर्षी बोट. पेनसिल्वेनियाचं स्त्रियांचं मेडिकल कॉलेज. प्रबंधाचा विषय हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची नेमणूक. क्षय. २६ फेब्रुवारी १८८७, पुणे. रक्षा अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानातल्या जागेत.

एवढं सगळं सोळा ओळींत येणार नाही, आणि येऊही नये. नवा लिहिणारा इथेच चुकतो. आयुष्य मोठं आणि कविता लहान, म्हणून तो आयुष्य आवळून बसवायला जातो. प्रवासाला निघताना पेटीवर बसून ती बंद करावी तसं. मग प्रत्येक ओळीत एक घटना येते, एकीलाही श्वास मिळत नाही. चरित्रकवितेत आयुष्य आवळायचं नसतं. जिथे ते वळलं ती जागा शोधायची आणि तिथे उभं राहायचं. मागचं-पुढचं वाचणाऱ्याला आपोआप दिसतं.

आनंदीबाईंच्या बाबतीत ही जागा शोधायला फार लांब जावं लागत नाही. दहा दिवसांचं बाळ. चौदा वर्षांची आई, बाळाला वैद्यक मिळत नाही, आणि सात वर्षांनी तीच मुलगी प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून डॉक्टर होते. कार्य आणि कारण इतकं जवळ जवळ ठेवलेलं आयुष्य क्वचित मिळतं. म्हणून जन्मापासून सुरुवात करण्याची गरज नाही. जन्म सगळ्यांचाच होतो. तिचं खरं आयुष्य त्या दहा दिवसांपाशी सुरू झालं.

उजव्या रकान्यात मला काय मिळालं ते सांगतो. दाताच्या डॉक्टरकडची ती खुर्ची मिळाली, आणि सोडून दिली. गोष्ट म्हणून ती फार गोड आहे, भाषणात सांगायला उत्तम. पण त्या खुर्चीवर आनंदीबाई नाहीत, कार्पेंटरबाई आहेत. लहान कवितेत कॅमेरा दुसऱ्याच्या तोंडावर गेला की परत यायला दोन ओळी खर्च होतात. १८८५ सालचा एक फोटो मिळाला. आनंदीबाई, जपानची केई ओकामी आणि सिरियाची साबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात, एकाच कॉलेजच्या विद्यार्थिनी. त्यातली साडी मी उचलली. परक्या देशातल्या थंडीत ती बाई साडीत उभी आहे, हे दिसतं.

आणि तीन नावं मिळाली. यमुना, मग आनंदी, मग डॉक्टर. पहिलं नाव लग्नात गेलं, दुसरं नवऱ्याने दिलं, तिसरं तिने स्वतः मिळवलं. याच धाग्यावर अजून एक गोष्ट आली, ती लिहिताना माझाच हात थांबला. आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी. बाळ जगलं दहा दिवस. म्हणजे ते बारशाच्या आधी गेलं. त्याचं नाव ठेवलं होतं की नाही, याचा पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून ‘बिननावाचं बाळ’ असं मी लिहिणार नाही. पण ‘बारशाच्या आधी’ हे निव्वळ हिशोबाने खरं आहे. मराठी वाचणाऱ्या कुठल्याही बाईला त्या दोन शब्दांत रिकामा पाळणा दिसेल. चरित्रकवितेत कल्पनेला जागा आहे, पण ती एवढीच. जे घडलं त्याच्या कडेला उभं राहून बघायचं, घडलं नाही ते घडवायचं नाही. आनंदीबाईंवर कादंबरी आहे, नाटक आहे, चित्रपट आहे. त्यातले संवाद कितीही आवडले तरी ते आनंदीबाईंचे शब्द म्हणून कवितेत घालू नका. मूळ पाहायचं असेल तर काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं चरित्र काढा. त्यात पत्रं आहेत.

छंदाचं बोलू. तुमच्या चार ओळींत अक्षरं आहेत १५, १३, १५ आणि १४. म्हणून म्हणताना अडखळायला होतं. सातवीच्या मुलांसाठी अष्टाक्षरी घ्या, ओळीला आठ अक्षरं. मोजायची रीत सोपी आहे. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, आणि शब्दाच्या शेवटचा अ बोलताना गळत असला तरी अक्षर मोजायचं. ‘सकाळ’ तीन, ‘लग्नात’ तीन, ‘वर्षांची’ तीन. बोटांवर मोजा, दोन दिवसांत कान तयार होतो. शार्दूलविक्रीडित, मंदाक्रांता वगैरे अक्षरगणवृत्तांच्या वाटेला जाऊ नका. त्यांना लघु-गुरूचा क्रम लागतो आणि माणसांची, गावांची नावं आपला क्रम बदलत नाहीत.

नावांचा जाच अष्टाक्षरीतही आहेच. ‘आनंदीबाई’ पाच अक्षरं. ‘गोपाळराव’ पाच. ‘फिलाडेल्फिया’ पाच. ‘कोल्हापूर’ चार. आणि ‘अठराशे पासष्ट’ सात, म्हणजे सालाने जवळजवळ एक ओळ खाल्ली आणि बदल्यात काहीच दाखवलं नाही. म्हणून साल कवितेत नको. शीर्षकाखाली ‘डॉ. आनंदीबाई जोशी, १८६५–१८८७’ एवढं लिहिलं की चरित्राचा हिशोब मिटतो आणि कविता मोकळी होते. वयं मात्र ओळीत येऊ द्या. वय सालासारखं कोरडं नसतं. चौदा वर्षांची म्हटलं की तुमच्या वर्गातल्या मुली आपल्याकडेच बघतील.

आता माझा खर्डा. तो तुम्ही जसाच्या तसा वापरावा म्हणून देत नाही. प्रत्येक ओळ कशी आली ते दिसावं म्हणून देतो.

नऊ वर्षांची यमुना
बोहल्यावरून आली
नावासकट माहेर
सोडून आनंदी झाली

चौदा वर्षांची, कुशीत
दहा दिवसांचं बाळ
बारशाच्या आधीची ती
रिकामी एक सकाळ

फिलाडेल्फियाची थंडी
अंगावर देशी साडी
बोटांनी मोजते आता
परक्या लेकीची नाडी

कोल्हापूर वाट पाही
पदवी तशीच हाती
बाविसाव्या वर्षी राख
राखेला सोयरी माती

पहिल्या कडव्यात ‘आनंदी झाली’ ला दोन अर्थ आपसूक मिळाले. नाव बदललं हा एक, आणि लोक ज्याला आनंद समजतात तो दुसरा. असं काही हाती लागलं की त्याच्यावर बोट ठेवून दाखवायचं नाही. मुलांना आज कळणार नाही, दहा वर्षांनी कळेल.

दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ मी आधी ‘चौदाव्या वर्षी कुशीत’ अशी लिहिली होती. अक्षरं आठच, पण अर्थ चुकला. चौदा वर्षांची म्हणजे चौदा पुरी. चौदावं वर्ष म्हणजे तेरा पुरी होऊन चौदावं चालू. मराठी लिहिणाऱ्याच्या हातून हा घोटाळा फार होतो. शेवटच्या कडव्यात तो उलट बाजूने येतो. आनंदीबाई गेल्या तेव्हा एकवीस पुरी होती, बावीस पुरी व्हायला महिनाभर कमी. म्हणून तिथे ‘बाविसाव्या वर्षी’. कवितेत आकडा आला की तो चोख हवा. एक चुकीचा आकडा सापडला की वाचणारा तुमच्या बाकीच्या ओळींवरही विश्वास ठेवत नाही.

तिसऱ्या कडव्यातली नाडी ही माझी कल्पना. अमुक दिवशी अमुक मुलीची नाडी त्यांनी पाहिली अशी नोंद मला दाखवता येणार नाही. पण वैद्यक शिकणाऱ्याने नाडी मोजली नाही असं होत नाही, म्हणून ती कडेला उभं राहून बघण्यात बसते. ‘परक्या लेकीची’ का, हे वेगळं सांगायला नको. जी बोटं आपल्या बाळासाठी काही करू शकली नाहीत, ती आता दुसऱ्याच्या लेकीसाठी मोजताहेत. हे वाक्य आत्ता मी लिहिलं ते या उत्तरापुरतं. कवितेत ते आलं असतं तर कविता तिथेच संपली असती.

सर्वांत जास्त वेळ गेला तो शेवटच्या ओळीवर. आधी लिहिलं होतं ‘राखेला परकी माती’. कानाला फार बरं वाटलं. दोन दिवस मी त्या ओळीवर खूष होतो. परदेशची माती, दूर देशी विसावलेली राख, डोळ्यांत पाणी येईल असंच सगळं. मग पुन्हा डावा रकाना वाचला आणि लाज वाटली. ती राख कुणी स्वीकारली, कुणी आपल्या घरच्या माणसांच्या शेजारी ठेवली? ज्या बाईने न पाहिलेल्या मुलीला पत्रं लिहिली, तिला घरात ठेवून घेतलं, त्या कार्पेंटरबाईंनी. ती माती परकी कशी? वाचणाऱ्याला रडवण्यासाठी मी एका भल्या बाईवर अन्याय करत होतो. ‘परकी’ काढून ‘सोयरी’ लिहिलं. अक्षरं तीच, आठ. सोयरं म्हणजे रक्ताचं नव्हे, जोडलेलं नातं. आणि वरच्या कडव्यातल्या ‘परक्या’ला खाली ‘सोयरी’ हे उत्तर मिळालं, ते मी ठरवून केलेलं नव्हतं. खरं लिहिलं की पुष्कळदा यमकही आपणहून जागेवर येतं, असा माझा अनुभव आहे.

गोपाळराव कवितेत का नाहीत, हे मुलं नक्की विचारतील. त्यांच्या हट्टामुळे आनंदीबाई शिकल्या आणि त्याच हट्टाचा काचही त्यांनी सोसला. असा माणूस एका ओळीत लिहिला की तो देव होतो नाहीतर राक्षस होतो, आणि दोन्ही खोटं. त्यांच्यासाठी वेगळी कविता लागेल. वर्गात त्यांच्याबद्दल बोला, भरपूर बोला. सोळा ओळींत त्यांना कोंबू नका.

‘ती’ की ‘त्या’ हा प्रश्नही तुम्हाला पडेल. गद्यात मी आनंदीबाईंना ‘त्या’ म्हणतो आणि तेच योग्य आहे. कवितेत चौदा वर्षांच्या मुलीला ‘त्या’ म्हटलं की ती पुतळा होते. मी शक्य तिथे सर्वनामच टाळलं. क्रियापदाने काम भागतं. ‘मोजते आता’ मध्ये एकेरी आहे, तर तिथे लेक म्हणून एकेरी. वर्तमानकाळही मुद्दाम. बाकी सगळं घडून गेलेलं आहे, पण मुलं जेव्हा जेव्हा कविता म्हणतील तेव्हा नाडी त्याच क्षणी मोजली जाते.

विशेषणांबद्दल. थोर, धन्य, अजरामर, महान या शब्दांवर माझा राग नाही. सभेत बोलताना ते लागतात. पण कवितेत ‘थोर’ लिहिलं की थोरपण दाखवण्याची जबाबदारी आपण झटकलेली असते. हल्ली शाळांमधून एक साचा फिरतो: पहिल्या ओळीत नाव, दुसरीत चार विशेषणं, मग कुणाची मुलगी, कशाची आवड, कशाची भीती. मुलांना लिहितं करायला तो वाईट नाही. फक्त विशेषणांची ओळ सगळ्यात शेवटी लिहायला सांगा, आणि लिहून झाल्यावर पुसायला सांगा. जे उरेल ते बहुतेक चांगलं असेल.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही, मराठीची ही जुनी चाल आहे. तुकोबांनी संतांच्या आग्रहावरून स्वतःचं चरित्र एका अभंगात सांगितलं, त्यातली ही ओळ घ्या: ‘दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. दुःखाचं एकही विशेषण नाही. आटणं हे पाण्याचं क्रियापद, ते पैशाला लावलं, आणि दुष्काळात विहीर आटावी तसं घर आटताना दिसलं. आणि ‘अन्न अन्न’ हा शब्द दोनदा. तो आवाज चार शतकं झाली तरी ऐकू येतो. एवढ्या ओळीत घर, दुष्काळ, अब्रू आणि बायको, सगळं आलं. सावित्रीबाईंनीही जोतीरावांच्या मागे त्यांचं चरित्र पद्यातच लिहिलं, ‘बावन्नकशी सुबोध रत्नाकर’, १८९२ साली छापलेलं. आपल्या माणसाचं आयुष्य ओळींत बांधून ठेवावं असं वाटणं हे आपल्याकडे नवं नाही. पोवाड्याची गोष्ट मात्र वेगळी. त्याला डफ-तुणतुणं लागतं, शाहीर लागतो, तासभर लागतो. त्याची भाषा सोळा ओळींत आणली की ती नुसती ओरडते.

आता वडिलांकडे येऊ. घरच्या माणसावर लिहिणं जास्त कठीण, कारण आपल्याला वाटतं आपल्याला सगळं ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे आली होती. वडील शिंपी, साठ वर्षं मशीनवर. तिने लिहून आणलं होतं: प्रेमळ, कष्टाळू, शांत, घराचा आधारवड. मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, दुकानात त्यांच्या हाताशी कायम काय असतं? खडू, टेप, कात्री, मापाची वही. वहीत काय असतं? गिऱ्हाइकांची मापं. आणि तुझं? ती गप्प झाली. मग म्हणाली, दर दिवाळीला माझं माप घ्यायचे. पहिली दिवाळी मी चार महिन्यांची होते. सगळ्या दिवाळ्या त्या वहीत आहेत.

पुढे मी काही विचारलं नाही. आम्ही दोघांनी बसून मोठ्या अभंगाचा छंद घेतला. सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. बोलणारे वडीलच:

दिवाळी दिवाळी । मोजली मी लेक ।
वहीत एकेक । इंच तिचा ॥

लग्नाचे पोलके । शिवताना रात ।
थरथरे हात । सुई थांबे ॥

चरित्र म्हणून यात जन्मसाल नाही, गाव नाही, दुकानाचं नाव नाही. तरी बाप आहे, धंदा आहे, वीस-बावीस वर्षं आहेत. ‘प्रेमळ’ हा शब्द नाही, पण तो शोधायला कुणी गेलंही नाही. हे कडवं दुसऱ्या कुठल्या बापाच्या नावावर बसत नाही. शेतकऱ्याच्या नाही, मास्तरच्या नाही. फक्त शिंप्याच्या, आणि त्यातही लेकीची मापं जपणाऱ्या शिंप्याच्या.

तुमच्या वडिलांचा व्यवसाय तुम्ही लिहिलेला नाही, म्हणून ओळी मी सुचवत नाही. विचारायचं काय ते सांगतो. ‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ असं विचारू नका. म्हातारी माणसं त्यावर नोकरीची सालं सांगतात. रोज सकाळी घराबाहेर पडताना खिशात काय असायचं ते विचारा. पहिल्या पगारात काय घेतलं ते विचारा. कुठली वस्तू टाकून द्यायला ते अजून तयार नाहीत, हे आईला विचारा, वडिलांना नको. त्यांचे जुने सोबती असतील तर एकदा चहाला बोलवा आणि आपण फक्त ऐका. ते एकमेकांना ज्या नावाने हाक मारतील ते नाव टिपून ठेवा. बापाला घरात कुणी त्या नावाने हाक मारलेली नसते.

आणि कविता वाचून दाखवण्याआधी, पंचाहत्तरीच्या चार दिवस आधी, त्यांना एकट्याला दाखवा. जिवंत माणसावर लिहिताना हे मी कधीच चुकवत नाही. आपल्याला जी गोष्ट सुंदर वाटते ती त्यांना चारचौघांत नको असू शकते. गरिबीचे दिवस, गेलेलं मूल, तुटलेला भाऊ, यातलं काहीही. त्यांनी एखाद्या ओळीवर बोट ठेवून मान हलवली, तर ओळ काढा, कितीही चांगली साधली असली तरी. आनंदीबाईंना आपल्याला विचारता येत नाही, म्हणून तिथे रकाने दोनदा तपासावे लागतात. वडील समोर बसलेले आहेत.

शाळेच्या कवितेचं तुमचं नवं पहिलं कडवं जमलं की पाठवा. कल्याणपासून सुरू करू नका, एवढंच बघा.